वीस मिनिटांत ओठ बसतो: क्लॅरिनेटवाल्यांचं ट्रंपेटवरचं नेहमीचं दुखणं

पहिली दहा मिनिटं ट्रंपेट छान बोलतं. मधला जी हा सूर गोल येतो, वरचा सी लागतो, आपणच आपल्यावर खूश होतो आणि एखादं गाणं काढून बघतो. पंधराव्या मिनिटाला सुरात हवा मिसळायला लागते. विसाव्या मिनिटाला वरचा सी मागावा तर खालचा जी हजर होतो, नाहीतर नुसतं फुस्स. गळा बसतो तसा ओठ बसतो. रात्रीत उतार पडतो, पुढचे आठ-दहा दिवस बरे जातात आणि मग एका सकाळी पहिल्याच सुराला पुन्हा तीच रड.

मी मिरजेच्या बाजूला बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत आलोय. एक्कावन्नाव्या वर्षी ट्रंपेट हातात घेतलं. कारण साधं होतं. डॉल्बीच्या भिंतीपुढे क्लॅरिनेट चार पावलांवर ऐकू येत नाही, आणि आमच्या दोन ट्रंपेटवाल्यांपैकी थोरले, ज्यांना सगळा बँड चाचा म्हणतो, ते मुलाकडे पुण्याला राहायला जाणार होते. मास्तर म्हणाले, "तुम्हाला नोटेशन वाचता येतं, बोटं चालतात, महिन्याभरात काढाल." महिन्याभरात बोटं निघाली, हे खरं. ओठ आता चौथ्या वर्षी कुठं ऐकायला लागलाय.

हे दुखणं मला तीनदा झालं, तीनदा बरं झालं असं वाटलं आणि तीनदा उलटलं. त्यातून जे कळलं ते इथं मांडतोय. सॅक्सोफोनवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. सॅक्सोफोनचं अंग पितळेचं असलं तरी तोंड रीडचंच, म्हणजे वेताच्या पातळ थरथरत्या पट्टीचंच आहे.

आपल्यालाच हे जास्त का होतं

बारा वर्षांचं पोरगं ट्रंपेट शिकायला बसतं तेव्हा त्याला दुसरं काहीच येत नसतं. सहा महिने ते पाच सुरांत घोळत राहतं. कंटाळतं, पण त्याचा ओठ आणि त्याची अक्कल बरोबरीनं वाढतात. आपलं तसं होत नाही. बी-फ्लॅट क्लॅरिनेट आणि बी-फ्लॅट ट्रंपेट दोन्ही लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली बोलतात, त्यामुळे कागदावरचा सी हा दोघांनाही सीच. बोटांनी दाबायचे व्हॉल्व्ह तीन, त्यांच्या जोड्या सात. ज्यानं क्लॅरिनेटच्या सतरा चाव्या बोटांत बसवल्यात, त्याला हे आठवड्याचं काम. मग आपण दुसऱ्याच आठवड्यात अख्खं गाणं वाजवायला घेतो, कारण डोक्यात ते तयारच असतं. पोरगं जे दुसऱ्या वर्षी मागतं ते आपण ओठाकडे दुसऱ्या आठवड्यात मागतो.

त्यात आपली आणखी एक खोड. क्लॅरिनेट नीट बोललं नाही की पहिला संशय रीडवर. दहाच्या डबीत दोन-तीनच रीडी मनासारख्या निघतात, उरलेल्या घासूनपुसून चालवतो. ट्रंपेटला बदलायला रीड नाही, म्हणून मी माउथपीस (ओठाला लावायचा वाटीसारखा भाग) बदलत बसलो. दोन वर्षांत तीन विकत घेतले. प्रत्येक नव्या माउथपीसवर चार दिवस स्वर्ग, पाचव्या दिवशी तेच फुस्स. शेवटी पहिल्या ७सी (हा माउथपीसच्या मापाचा आकडा) वरच परत आलो. माउथपीसचा दोष असू शकतो, नाही असं नाही. पण तो शोधायचा तर आधी वर्षभर एकाच माउथपीसवर काढावं लागतं. नाहीतर आपण काय मोजतोय हेच कळत नाही.

आधी वाद्य तपासा, पाच मिनिटांचं काम आहे

ओठाला दोष देण्याआधी वाद्यातून हवा गळत नाही ना, ते बघा. दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी स्लाइड (आतबाहेर सरकणारी वळणाची नळी), व्हॉल्व्ह न दाबता, थोडी बाहेर ओढा. दोन-तीन सेकंद थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. 'टप्' असा आवाज आला तर तिथं हवा धरून ठेवली जाते. आला नाही तर ती वाट गळकी आहे. पहिल्या आणि तिसऱ्याचंही तसंच बघायचं. पाणी काढायच्या चावीखालचा बूच झिजला असेल तरी सूर कुजबुजल्यासारखा येतो. बूच स्वस्त, बसवायला पाच मिनिटं. सेकंडहँड वाद्य घेतलं असेल तर हे आधी.

एक फजिती सांगून टाकतो. पहिल्यांदा ट्रंपेट धुतलं तेव्हा क्लॅरिनेटच्या सवयीनं सगळे भाग एका फडक्यावर मांडले, तिन्ही व्हॉल्व्ह पुसले, तेल लावलं, परत घातले. फुंकलं तर हवाच जाईना. पाणी भरलेल्या पिशवीत फुंकतोय असं वाटलं. अर्धा तास मी ओठाला शिव्या घातल्या. चाचा तेव्हा इथंच होते. त्यांनी एक व्हॉल्व्ह वर ओढला, त्याच्या अंगावरचा आकडा दाखवला आणि काही न बोलता चहा प्यायला गेले. व्हॉल्व्हवर १, २, ३ कोरलेलं असतं. मी एक आणि तीनची अदलाबदल केली होती.

दाब

खरं दुखणं बहुतेक वेळा इथं सापडतं, म्हणून इथं जरा बसू.

वाजवून झाल्यावर आरशात ओठ बघा. माउथपीसच्या कड्याचा लालसर गोल सगळ्यांच्याच ओठावर उठतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तो किती खोल आहे आणि किती वेळ टिकतो ते बघायचं. माझा गोल पहिल्या वर्षी दुपारच्या जेवणापर्यंत दिसायचा. गोलाच्या आतला ओठ पांढरट आणि बधीर. बायको विचारायची, "बाटलीत तोंड अडकलं होतं का?"

आता डावा-उजवा हात बघा. ट्रंपेटला उजव्या करंगळीसाठी वर एक हुक असतो. तो खरं तर एका हातानं पान उलटताना किंवा म्यूट (आवाज दबवायचा बोळा) बसवताना वाद्य धरायला. आपण त्यात करंगळी अडकवतो आणि सूर वर जायला लागला की नकळत ती करंगळी वाद्य तोंडाकडे खेचते. करंगळी हुकाबाहेर काढून वर ठेवा आणि नेहमीचं गाणं वाजवा. वरचा सी अचानक गेला तर तो सी ओठाचा नव्हताच, करंगळीचा होता.

चाचांनी माझी परीक्षा याहून कडक घेतली. त्यांनी ट्रंपेट माझ्या डाव्या तळहातावर आडवं ठेवलं, बोटं मिटू दिली नाहीत. म्हणाले, "आता वाजवा." तळहातावर ठेवलेलं वाद्य तोंडाकडे खेचता येत नाही, जरा दाबलं तर ते पुढं सरकतं. खालचा सी आला. जी आला, थरथरत. त्यावर काही नाही. चाचा म्हणाले, "मास्तर लोकांना सांगतात हा तीस वर्षं वाजवतोय. तुम्ही फुंकत कुठंय? तुम्ही शिक्का मारताय."

आपण का दाबतो, याचं उत्तर आपल्या जुन्या वाद्यात आहे. क्लॅरिनेटमध्ये थरथरते ती रीड. ओठाचं काम रीडला बैठक देणं आणि हवा बाहेर जाऊ न देणं. लग्नाच्या वरातीत तीन तास वाजवल्यावर खालचा ओठ पार बधीर झालेला असतो, तरी रीड बोलत राहते. ट्रंपेटमध्ये ओठच रीड आहे. त्यावर कड्याचा दाब दिला की थरथर थांबते आणि रक्तही नीट फिरत नाही. लिगेचर (रीड आवळून धरायचा पट्टा) रीडच्या टोकापर्यंत चढवून, करकचून आवळून क्लॅरिनेट वाजवून बघा, म्हणजे ओठावर काय गुजरते ते कळेल.

उतारा म्हणून मी आजही रोज एक गोष्ट करतो. मधला जी धरायचा, मध्यम आवाजात. धरलेला असतानाच वाद्य तोंडापासून अगदी हळू दूर न्यायचं, कड्यातून हवा फुसफुसायला लागेपर्यंत. फुसफुस सुरू व्हायच्या किंचित आधी जो दाब होता, तेवढाच लागतो. त्याहून जास्त आहे तो सगळा भीतीचा. हाच प्रयोग वरच्या सीवर केला की तोंड कोपऱ्यांतून किती कमी काम करत होतं ते उघडं पडतं. कोपरे घट्ट हवेत, मधला भाग मोकळा. हसल्यासारखे कोपरे मागं ओढायचे नाहीत; त्यानं ओठ ताणून पातळ होतो आणि पातळ ओठावर कडं आणखी रुततं.

मिशीवाल्यांसाठी एक टीप. क्लॅरिनेटला मिशीची फिकीर नसते. ट्रंपेटचं कडं मात्र नेमकं मिशीच्या खालच्या काठावर बसतं, आणि राठ केस मध्ये आले की ते सरकू नये म्हणून आपण दाबतो. मी ओठावर उतरणारी दोन ओळी मिशी कापली. घरच्यांना आठवडाभर ओळखीचा वाटलो नाही.

खालचा ओठ आत जातोय का

क्लॅरिनेटला खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून घेतो, वरचे दात माउथपीसवर टेकतात. तीस वर्षांत ही घडी इतकी पक्की होते की ट्रंपेट तोंडाला लावलं तरी खालचा ओठ आपोआप आत वळतो. मग वरचा ओठ त्याच्यावर छत्रीसारखा उतरतो आणि दोघांची गाठच नीट पडत नाही. सूर चिमटल्यासारखा, नाकातला येतो. असा आवाज मी सहा महिने काढला आणि त्याला 'जरा तीक्ष्ण टोन' म्हणत राहिलो.

'म' म्हणायला ओठ मिटा आणि तिथंच थांबा. ओठ एकमेकांवर नुसते टेकलेले आहेत, आत गेलेले नाहीत. आता 'प' म्हणायची तयारी करा, पण 'प' सोडू नका. कोपऱ्यांत जो घट्टपणा आला तोच हवा. या अवस्थेत आतले दात एकमेकांना लागलेले नसावेत, करंगळीच्या नखाएवढी फट असू दे. क्लॅरिनेटवाल्यांना जबडा आवळायची सवय असते. ट्रंपेटला जबडा आवळला की दारच बंद.

आपल्या जुन्या विद्येतली एक गोष्ट मात्र इथं जशीच्या तशी चालते. हनुवटी खाली ताणून सपाट ठेवायची शिस्त आपल्याला पहिल्या दिवसापासून असते. ट्रंपेट शिकणाऱ्या पोरांची हनुवटी चुरगळलेल्या लिंबासारखी होते, आपली होत नाही. ही कमाई सोडू नका.

हवेची काटकसर

क्लॅरिनेटला हवा थोडी लागते आणि विरोध भरपूर असतो. रीड आणि माउथपीसच्या मधली फट बारीक, त्यामुळे पाठीमागून कोणीतरी रेटून धरल्यासारखं वाटतं आणि त्या रेट्यावर आपण टेकून वाजवतो. ट्रंपेटच्या मधल्या सुरांत तो रेटा मिळत नाही. हवा अशी निघून जाते की फाटक्या टायरमध्ये फुंकतोय की काय वाटावं. क्लॅरिनेटवर मी मधला सूर आरामात तीस सेकंद धरतो. ट्रंपेटवर पहिल्या महिन्यात बारा सेकंदांत डोळ्यांपुढे काजवे.

मग आपण काय करतो? टेकायला रेटा हवा म्हणून ओठच बारीक आवळतो आणि हवा जपून वापरतो. जपून वापरलेल्या हवेवर ओठ थरथरत नाही. तो थरथरत नाही म्हणून हात दाबतो. दाब वरवर दिसतो, मूळ मात्र बरेचदा हवेत असतं. करंगळी सोडूनही फरक पडत नसेल तर इथं शोधा.

मला उपयोग झाला तो अगदी बाळबोध उपाय. दर दोन मापांनंतर (माप म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला खंड) श्वास घ्यायचा, लागत असो वा नसो. क्लॅरिनेटवाल्याला हे फार लाजिरवाणं वाटतं, कारण आठ मापं एका दमात काढण्यात आपली इज्जत असते. महिनाभर इज्जत गुंडाळून ठेवली. छाती भरलेली असली की ओठ आपण होऊन सैल राहतो.

याच्याच पोटातली एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. क्लॅरिनेट जोरात फुंकलं की सूर किंचित उतरतो, म्हणून जोर वाढवताना तोंड आवळून सूर वर धरायची आपल्याला सवय. ट्रंपेट जोरात फुंकलं की सूर उलट चढतो. आपण सवयीनं आवळतो, सूर आणखी चढतो, शेजारचा युफोनियमवाला डोळे वटारतो. जोर वाढवताना तोंड आतून मोकळं करायचं, 'ई' वरून 'ऑ' कडे जायचं. हे उलटं वळण पडायला मला वर्ष लागलं आणि अजूनही गर्दीत विसरतो.

चुकलेला सूर फुकट जात नाही

क्लॅरिनेटवर बोट बरोबर तर सूर बरोबर. फार तर ब्रेक, म्हणजे खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जायची जागा, ओलांडताना चिरकेल. ट्रंपेटवर एकही व्हॉल्व्ह न दाबता खालचा सी, जी, वरचा सी, त्यावरचा ई आणि जी हे सगळे एकाच नळीत बसलेले असतात. बोटं काहीच सांगत नाहीत. कोणता सूर यायचा ते ओठ आणि कान ठरवतात. ब्रेक एका जागी नाही, पावलोपावली आहे.

ज्यांनी थोडंफार आपलं संगीत ऐकलंय त्यांना हे लगेच कळेल. खालच्या सीला सा म्हणा, की मोकळ्या ट्रंपेटमधून सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प असे सूर निघतात. हार्मोनियमवर हा सा काळी पाचला येतो. मिरजेत तंबोऱ्यांच्या दुकानांवरून येता-जाता मोठा झालेल्या माणसाला यातला गंधार ओळखीचा वाटतो, कारण चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो तोच हा गंधार, मूळ सुराचा पाचवा अंश, म्हणजे त्याच्या पाचपट कंपनांचा सूर. आणि तंबोऱ्यातल्या गंधारासारखाच तो हार्मोनियमच्या किंवा कीबोर्डच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, साधारण चौदा सेंटनं (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर). क्लॅरिनेटवाल्याचा कान तयार असतो, त्याला हे खटकतं. तो ओठानं तो ई वर ढकलतो. दिवसातून पन्नास वेळा. ओठ तिथं दमतो.

वरचा ई, ई-फ्लॅट आणि डी हे तिन्ही नेहमीच्या बोटांनी याच पाचव्या अंशावर बसतात, म्हणून तिन्ही थोडे खाली. कीबोर्डबरोबर वाजवताना लांब धरायचा ई फारच खुपत असेल तर तो मोकळा न वाजवता पहिला-दुसरा व्हॉल्व्ह दाबून बघा. तो सहाव्या अंशावरून येतो आणि चढा असतो. भरभर जाणाऱ्या गाण्यात मात्र सोडून द्या, कोणाला कळत नाही.

मुख्य मुद्दा असा की सूर चुकला की तो वाया गेला आणि ओठाचा पैसाही गेला. वरचा सी हवा होता, जी आला, पुन्हा मारला, पुन्हा जी, तिसऱ्यांदा दाबून आणला. एका सीचे तीन सी झाले. म्हणून वाजवायच्या आधी गुणगुणा. तोंडातल्या तोंडात, कोणाला ऐकू न जाईल असं. ज्याच्या कानात सूर आधी लागलाय त्याचा ओठ निम्मा कमी चुकतो. आपला कान तीस वर्षांचा आहे, बोटांऐवजी त्याला कामाला लावा.

जीभ: त की ट

शिकवण्याच्या पुस्तकांत सुराची सुरुवात 'टी-यू' अशी लिहिलेली असते. आपण ती 'टू' अशी वाचतो आणि जीभ टाळूकडे वळवतो. सूर उशिरा आणि धप्पकन येतो. मग कोणीतरी सांगतं की 'तू' म्हणा. 'त'ला जीभ दातांना चिकटते, आणि रीडच्या टोकाला शिवायची सवय असलेली आपली जीभ रीड शोधत आणखी पुढं जाते, थेट दोन ओठांच्या मध्ये. तिथं ती ओठ फाकवते आणि दर सुराला ओठाला पुन्हा जुळावं लागतं. दहा मिनिटांत दमायला एवढं पुरे.

मराठी तोंडाला सोयीची जागा 'न'ची आहे. 'न' म्हणताना जीभ दातांच्या जरा मागं, हिरडीच्या उंचवट्याला लागते. जीभ तिथंच ठेवून 'त' म्हणायचा प्रयत्न करा. जो अर्धवट आवाज निघेल तो ट्रंपेटचा. गुळगुळीत गाण्याला त्याच जागेवरून 'द'.

सुजलेल्या दिवसाचं काय करायचं

वरच्यातलं सगळं सुधारलं तरी आठ-दहा दिवसांनी येणारी ती वाईट सकाळ येतेच, पूर्वीपेक्षा विरळ एवढंच. आदल्या दिवशी सुपारी झाली असेल, किंवा जोशात तासभर वाजवलं असेल, तर ओठ आतून सुजलेला असतो. बाहेरून दिसत नाही.

ओळखायची खूण: मधला जी, अगदी हळू आवाजात, जीभ न लावता, नुसत्या 'हू'नं सुरू करा. ओठ ताजा असेल तर श्वासाबरोबर सूर. सुजलेला असेल तर आधी हवा, मग अर्ध्या क्षणानं सूर दचकून उठतो. तीन वेळा करून तिन्ही वेळा उशीर झाला तर त्या दिवशी ट्रंपेट फडक्यात गुंडाळायचं. मी हे पहिली दोन वर्षं ऐकलं नाही. सुजलेल्या दिवशीच मला हट्ट यायचा, काल येत होतं ते आज का नाही, आणि मी दाबून आणायचो. मग एका दिवसाची सूज चार दिवस. तीनदा दुखणं उलटलं ते तिन्ही वेळा असंच.

सध्याचा माझा रिवाज असा. सकाळी दहा मिनिटं वाजवणं, दहा मिनिटं थांबणं, असं तीनदा. मोबाइलचा गजर लावतो, कारण दहाव्या मिनिटाला नेमकं छान लागत असतं आणि तेव्हाच थांबायचं असतं. थांबलेल्या वेळात वाद्य मांडीवर, बोटं व्हॉल्व्हवर, गाणं तोंडानं. हे रिकामं बसणं नाही. आपल्यासारख्या वाचता येणाऱ्या माणसाचं निम्मं काम इथंच होतं. कष्टाच्या दिवसानंतर हलका दिवस. आठवड्याला एखाद-दोन मिनिटंच वाढवायची.

क्लॅरिनेट सोडायची गरज नाही. अमेरिकेतले जॅझवादक बेनी कार्टर आल्टो सॅक्सोफोनइतक्याच नावाजलेल्या हातानं ट्रंपेट वाजवायचे, म्हणजे एका तोंडात दोन्ही नांदतात. क्रम मात्र सांभाळावा लागतो. आधी ट्रंपेट, मग क्लॅरिनेट. उलटं केलं तर खालच्या ओठाच्या आत दातांचे वळ उठलेले असतात, आणि त्या वळांवर ट्रंपेट बोलत नाही. क्लॅरिनेटनंतर वाजवावंच लागलं तर मध्ये अर्धा तास आणि कोमट पाण्याच्या चुळा. गोड चहा पिऊन लगेच वाजवत असाल तर त्याही. सगळी साखर नळीत जाऊन बसते.

वयाचं म्हणून दोन-तीन गोष्टी झटपट. समोरचा दात हलत असेल किंवा कवळी असेल तर आधी दातांचे डॉक्टर. जोरानं फुंकताना डोळ्यांतला दाब तेवढ्यापुरता वाढतो, त्यामुळे काचबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरच्या सुरांच्या मागं लागू नका. हर्नियावाल्यांनीही विचारून घ्यावं. दमलेला ओठ जड होतो, बधीर होतो. पण टोचल्यासारखी कळ आली, किंवा आठवडाभर विश्रांती घेऊनही ओठाची एक बाजू ऐकत नसेल, तर ते या लेखातलं दुखणं नव्हे, दाखवून घ्या. आणि माउथपीस नळीत अडकला तर पक्कड लावू नका. नळी पिळवटते. दुरुस्तीवाल्याकडे तो काढायचं साधं यंत्र असतं.

यंदाच्या मिरवणुकीत मी वरची ओळ मागितलीच नाही. ती आमचा तेवीस वर्षांचा पोरगा वाजवतो, मी खालची धरतो. दोन गाणी ट्रंपेट, मग एक गाणं नुसतं चालायचं, मग पुन्हा दोन. रात्री साडेअकराला माझा ओठ बसला, तेव्हा ट्रंपेट गाडीवर ठेवलं आणि क्लॅरिनेट काढलं. मागच्या मंडळाची डॉल्बी सुरू होती, त्यामुळे मी वाजवतोय की नाही हे कुणालाच कळलं नाही. चाचांना पुण्याला व्हिडिओ पाठवला. त्यांनी एवढंच लिहिलं: करंगळी बघा.